ओ कुणाला दिली

आमच्या घरी हळद इतकी होती, की पाहुण्याला वाटावं इथं बारा महिने कुणाचं तरी लग्न चालू आहे. माणसांच्या टाचा पिवळ्या, भिंतींचे कोपरे पिवळे, कुत्र्याची शेपटीसुद्धा पिवळी. कुरुंद्याच्या शिवारात आमचं रान होतं, आणि विहिरीच्या पाण्याखाली येणाऱ्या तुकड्यात हळदीशिवाय दुसरं काही लावायचं आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सुचतच नसे. होळीच्या सुमाराला हळद निघायची. मळ्यात चुलाणावर मोठी काहील चढायची, वर हळदीचाच पाला अंथरून ओली पोती झाकायची, आणि मग तो वाफेचा वास दिवसभर गावाकडे सरकत यायचा. उग्र, मातकट, थोडासा गोड. आता हळद म्हणजे पुडीतली पूड. माझी नातसून परवा मला विचारत होती, "आजी, हळदीला वास असतो का हो?" मी तिला काय सांगणार! कुणाच्या घरी हळद लागणार असली आणि मला बोलावणं आलं, की मी गुडघ्यांचं निमित्त काढते आणि घरी बसते. घरच्यांना खरंच गुडघ्यांचं वाटतं.

शिजलेली हळद अंगणात वाळवायची आणि मग मागच्या खोलीत नेऊन ओतायची. त्या खोलीला खिडकी नव्हती, वरती छताजवळ एक झरोका तेवढा होता. ऊब राहते म्हणून घरातली बाळंतपणंही तिथंच व्हायची. मी तिथलीच. मायचं शेवटचं बाळंतपणही तिथंच झालं. दिवस कलताना ती आत जायला निघाली, तेव्हा उंबऱ्यावर थांबून मला म्हणाली, "अनसे, कोंबड्या झाकून टाक, म्या आलेच." अनसा म्हणजे मी, अनुसया. मी कोंबड्या झाकल्या. बाळ रडलंच नाही, आणि सकाळी मायला बाहेर आणलं ते चौघांनी धरून.

बाळंतपणात गेलेली बाई सुखानं जात नाही, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असावं. तिला नेताना वाटेवर राळे टाकत गेले, म्हणजे ती परत निघालीच तर दाणे वेचत बसावी आणि तिला उजाडावं. रंगूआत्यानं खोलीच्या उंबऱ्यात खिळा ठोकला. रंगूआत्या आबांची थोरली बहीण, न कळत्या वयात विधवा होऊन आमच्याकडे आलेली. मायच्या मागं सगळं घर तिच्या हातात आलं. तिनं खिळा ठोकला तो माय परत येऊ नये म्हणून. मी त्या खिळ्याकडे बघत बसायची आणि मला दुसरंच वाटायचं. माय त्या खोलीतून गेलीच कुठं होती? नेलं ते तिचं अंग. ती आत होती, आणि आत्यानं दारात खिळा ठोकून तिला आतच कोंडून ठेवलं होतं. हे मी कुणाला बोलले नाही. बोलले असते तर आत्यानं आणखी एक खिळा ठोकला असता.

दुपारी सगळे मळ्यात गेले, की मी त्या खोलीत जाऊन बसायची. हळकुंडांची रास छातीपर्यंत आलेली असायची. झरोक्यातून येणाऱ्या उजेडात पिवळी धूळ तरंगायची. मी हळूच हाक मारायची, "माय..." आणि थोड्या वेळानं राशीत कुठंतरी खळखळ व्हायची, दोनचार हळकुंडं घरंगळून खाली यायची. मग मी तिला दिवसभराचं सांगायची. आत्यानं भाकरी करपवली, गाय आटली, आबा दाढीसुद्धा करत नाहीत. सुकताना हळद आक्रसते आणि रास आपोआप खचते, हे मला तेव्हाही माहीत होतं. हळदीच्या घरची पोरगी होते मी. पण ती माझ्या हाकेनंतरच का खचायची, ते मला कुणी सांगावं. आज पुष्कळ शिकलेली माणसं माझ्या घरात आहेत, त्यांनाही ते सांगता येत नाही. ती फक्त हसतात.

घर चालत होतं, पण कसं? आत्याच्या हाताला चव होती आणि जिभेला नव्हती. येसराची आमटी ती अशी करायची की शेजारीण वाडगं घेऊन यायची, आणि त्याच शेजारणीला ती असं काही बोलायची की बाई वाडगं विसरून जायची. सकाळचं जात्यावरचं गाणं बंद झालं होतं. माय दळताना गात असे. आत्या दळताना मोजदाद करत असे, कोण काय बोललं, कुणी काय नेलं. आबा जेवताना बोलत नसत. ताटात वाढलेलं तसंच ठेवून उठत आणि गोठ्यात जाऊन बैलांशी बोलत. मी कान देऊन ऐकलेलं आहे, बैलांशी ते नीट, आठवून आठवून बोलायचे. वर्ष सरल्यावर भावकीतली माणसं येऊ लागली आणि आत्या त्यांना चहाऐवजी गुळाचं पाणी देऊन आबांच्या दुसऱ्या लग्नाचं बोलू लागली.

जवळा बाजारच्या बाजूची एक बाई होती, कौसाबाई. नवरा तापानं गेलेला, पदरात सहासात वर्षांची मुलगी, चंद्रभागा नावाची. विधवेचं दुसरं लग्न म्हणजे पाट. आमच्यात तो लागायचा, पण दिवे मालवल्यावर, चोरी केल्यासारखा. आणि पाटाच्या बाईनं पहिल्या घरचं लेकरू पहिल्या घरीच ठेवून यायचं, हीही रीतच. कौसाबाईनं निरोप पाठवला होता, "लेकरू संगं असंल तर मी येते. न्हाईतर मला जसं हाय तसं ऱ्हाऊ द्या." आत्या भडकली. आबा, जे वर्षभर माणसांशी बोललेच नव्हते, ते म्हणाले, "लेकरू येईल. आन् पाट बी दिवसाच लागंल. मी कोणाचं काय चोरून आणून राहिलो?" आत्या तोंडाला पदर लावून आत गेली. पण माघार घेईल ती आत्या कसली! तिनं आपली अट घातली. लेकरू येऊ दे, पण ओ बराबर झाली पाहिजे.

हे ओचं प्रकरण दुसरीकडे कुठं मी पाहिलं नाही, आमच्याच भावकीत होतं. पहिली बायको गेल्यावर दुसरी करायची, तर पहिलीचा चांदीचा टाक करून दुसरीच्या गळ्यात बांधतात, हे पुष्कळ ठिकाणी आहे. पहिलीनं त्या टाकात बसावं आणि घराला त्रास देऊ नये. आमच्यात त्यावर आणखी एक होतं. टाक बांधून झाला, की पहिलीच्या लेकरानं नव्या बाईला सगळ्यांसमोर "माय" म्हणून तीनदा हाक मारायची, आणि तिसऱ्या हाकेला तिनं ओ द्यायची. ती ओ ऐकून पहिलीचा जीव निवतो, आपल्या लेकराला ओ देणारी आली म्हणून ती टाकात जाऊन बसते आणि पुन्हा कुठं फिरत नाही. पण ओ चुकली, दुसऱ्याच कुणाला गेली, तर पहिली मोकळीच राहते आणि नव्या बाईच्या लेकरावर डोळा ठेवते. म्हणून त्या वेळी नव्या बाईचं स्वतःचं लेकरू तिच्या नजरेपुढं येऊ द्यायचं नाही, आणि ओ झाल्यावर त्या लेकरानं आपल्या आईला माय म्हणायचं नाही, मावशी म्हणायचं. आत्यानं हे मला चुलीपुढं बसवून सांगितलं. वर म्हणाली, "मोठ्यानं मारजो हाक. तोंडातल्या तोंडात पुटपुटू नको."

मला रात्रंदिवस एकच दिसू लागलं. मी हाक मारणार, ती बाई ओ देणार, आणि त्या क्षणाला हळदीच्या खोलीतून माय उठून त्या परक्या बाईच्या गळ्यात जाऊन बसणार. मग मी दुपारी कुणाला हाक मारायची? सोनारानं टाक आणून दिला. मायची जोडवी आटवून केलेला होता. बोटाच्या दोन पेरांएवढा चांदीचा पत्रा, त्यावर एक बाई, दोन्ही हात वर, डोळ्यांच्या जागी दोन ठिपके. मी बघितला आणि म्हणाले, "ही माय न्हाई." आत्यानं माझ्या हातातून तो ओढून घेतला. "तुझी माय काय आरशात बघायला बसून राहिली होती का, हुबेहूब काढायला?" असं म्हणाली आणि मग तो टाक पदरानं पुसत राहिली. आत्याचं आणि मायचं कधी पटलं नव्हतं. पण मायला जाऊन वर्ष झालं, तरी आत्या त्या खोलीचा उंबरा एकटीनं ओलांडत नसे, मला सोबत घेई.

पाटाच्या दिवशी सकाळपासून आमटीचा वास सुटला होता. पुरणाचं वाटण चाललं होतं. चंद्रीला तिचा चुलता बैलगाडीतून घेऊन आला. कौसाबाई वेगळ्या गाडीतून, तोंडावर पदर घेऊन आली होती. माय-लेकींना रस्त्यातही भेटू दिलं नव्हतं. चंद्री खाली उतरली ती नाक ओढत. नवा परकर तिला इतका लांब झाला होता की तो दोन्ही हातांनी उचलून ती चालत होती. आत्यानं तिच्या हातात गुळाचा खडा दिला आणि मला म्हणाली, "हिला मागल्या खोलीत बसवून कडी लाव. ओ होईस्तोवर बाहीर काढू नको."

"त्या खोलीत काहून?" मी म्हणाले.

"मंग कुठं? घर पाव्हण्यांनी भरून गेलंय, दिसून न्हाई राहिलं?"

मी तिला नेलं. ती आत गेली, राशीकडे, झरोक्याकडे बघत उभी राहिली. तिला भीती वाटेल असं मला वाटलं होतं. खरं सांगायचं तर वाटावी अशी माझी इच्छा होती. तिनं मला विचारलं, "इथं कोण ऱ्हातंय?"

"माझी माय."

"मंग मी एकली न्हाई," असं म्हणून ती पोत्यावर बसली आणि गूळ चाटू लागली. मी कडी लावली. परक्या मुलीला मी माझ्या मायजवळ ठेवून बाहेर आले होते.

ओसरीवर सगळे जमले. भर दुपारचा उजेड होता आणि त्या उजेडात पाट लागतोय याचा सगळ्यांनाच संकोच वाटत होता, माणसं एकमेकांकडे न बघता बसली होती. आबा नवं धोतर नेसून पाटावर बसले होते. शेजारी कौसाबाई. आत्यानं त्यांच्या पदरांची गाठ मारली. भावकीतल्या एका म्हाताऱ्यानं तांदूळ टाकले. मग आत्यानं काळ्या दोऱ्यात ओवलेला टाक माझ्या हातात दिला आणि मी तो कौसाबाईच्या गळ्यात बांधला. तिची मान घामानं ओली होती. तिनं तोंडावरचा पदर सारला आणि माझ्याकडे बघितलं. सावळी, रुंद कपाळाची बाई, डोळे रडून सुजलेले. तिला काय सांगून ठेवलंय, हे तिच्या चेहऱ्यावर वाचता येत होतं. तिसरी हाक. ओ द्यायची. आणि मग पोटच्या लेकीनं मावशी म्हणायचं.

"मार हाक," आत्या म्हणाली.

पहिल्यांदा आवाज फुटलाच नाही. कुणीतरी हसलं. दुसऱ्यांदा हाक मारली ती अगदी बारीक, कौसाबाईच्या हनुवटीकडे बघत. तिसरी हाक मारायची वेळ आली आणि मला तिच्याकडे बघवेना. माझी मान सवयीनं मागच्या खोलीकडे वळली. रोज दुपारी मारायची तशीच, लांबवून, मी हाक मारली, "माय...!"

आणि खोलीतून उलट हाक आली, "माय...!"

ओसरीवरची सगळी माणसं थिजली. म्हाताऱ्याच्या हातातले तांदूळ सांडले. मला स्वतःला क्षणभर वाटलं, मायनं माझी हाक घेतली नाही, परत पाठवून दिली. अंगावर असा काटा आला की तो आजही हे लिहिताना येतो आहे. आणि त्याच क्षणाला कौसाबाई ताडकन अर्धी उठली, आबांच्या उपरण्याला हिसका बसला, आणि ती ओरडली, "ओ! आले गं, आले!"

मग सगळ्यांना उमगलं. चंद्रीनं आतून माझी हाक ऐकली होती. मायला बोलावतायत एवढंच तिला कळलं, आणि तिनंही बोलावलं. कौसाबाई मटकन खाली बसली. आतून चंद्री दार वाजवायला लागली.

"कोणाला दिली ओ?" आत्या म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता, त्यानंच जास्त भीती वाटली. "कौसाबाई, कोणाला दिली?"

कौसाबाई वाजणाऱ्या दाराकडे बघत राहिली. तिला खोटं बोलता येत नव्हतं. पुढं चाळीस वर्षं मी तिला बघितलं, तिला ते कधीच जमलं नाही.

चंद्रीचा चुलता उठून उभा राहिला. "मी पोरगी घेऊन जातो. आताच्या आता. इथं तिच्या जिवाला काय झालं तर मी माझ्या भावाला काय तोंड दाखवू?" भाऊ तर मेलेला होता, पण तिथं बसलेल्या कुणालाच त्या बोलण्यात काही चूक वाटली नाही. आबांनी हात जोडले, "पाव्हणं, बसा. ओ दिली. समद्यांनी ऐकली."

"ऐकली, पर कोणाला?" आत्या म्हणाली. "हाक मारणारीला इचारा. ओ आपल्याला भेटली का न्हाई, तिला बराबर कळतंय." मग ती माझ्यासमोर उकिडवी बसली आणि तिनं माझे दोन्ही दंड धरले. "अनसे, खरं सांगजो. भेटली का तुला?"

मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची असेन, पण काय विचारलं जातंय ते मला पुरतं कळलं होतं. 'न्हाई' म्हटलं, की चंद्री गाडीत बसून जाईल, आणि माझी माय माझ्या खोलीत राहील. 'भेटली' म्हटलं, की ती टाकात गेली असं ठरेल. माझ्या जिभेवर 'न्हाई' होतं. अगदी ओठापर्यंत आलेलं. पण माझ्या कानात ती ओ अजून वाजत होती. हातातलं सगळं टाकून, धडपडत, थोडी चिडून दिलेली. वर्षभरात तशी ओ मी ऐकली नव्हती. माझ्यासाठी नव्हती ती, पण माय मला द्यायची तशीच होती. तशी ओ देणाऱ्या बाईला तिच्या लेकरापासून तोडायचं माझ्यानं झालं नाही.

"भेटली," मी म्हणाले.

आत्यानं माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि दंड सोडले. पंगत बसली. चुलता जेवला, पोरीच्या डोक्यावरून हात फिरवून गाडी जुंपून गेला. मी पुरण खाल्लं ते मला अजून आठवतं, त्यात जायफळ जास्त झालं होतं. समोर कौसाबाई वाढत होती. माझ्या ताटाशी आली की तिचा हात थांबायचा.

त्या आठवड्यात चंद्रीला ताप भरला. उन्हातून आलेलं लेकरू, खाण्यात बदल, खोलीतली धूळ; ताप यायला कारणं ढीगभर होती. पण घरात कुणी त्यांतलं एकही बोललं नाही. आत्यानं मीठमिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या, आणि मिरच्यांचा ठसका कुणालाच लागला नाही, तेव्हा ती देवापुढं जाऊन बसली. दृष्ट मोठी असली की ठसका येत नाही, म्हणतात. आबांनी वैद्याचा काढा आणला. चंद्री तापात हसायची आणि म्हणायची, "ती बाई मला हळद देऊन राहिली." कोण बाई, असं विचारायची कुणाची छाती झाली नाही. मी त्या दिवसांत खोलीत जायची, हाक मारायची. राशीत काही हलायचं नाही. एकदाही नाही. मला वाटायचं, माय माझ्यावर रागावली. मी सगळ्यांसमोर खोटं बोलले आणि तिला न विचारता देऊन टाकलं. आणि मग दुसरा विचार यायचा, त्याहून वाईट: ती इथं बोलत नाही, कारण ती आता चंद्रीच्या उशाशी आहे.

कौसाबाईलाही तेच वाटत होतं. जवळ्याच्या बाजारला निघालेल्या एका माणसाजवळ तिनं दिराला निरोप दिला, येऊन पोरगी घेऊन जा. आबांना सांगितलं ते निरोप गेल्यावर. "तुमचं घर चांगलं हाय. पर माझं लेकरू मला जितं पायजे. लांब का असंना." आबा गोठ्यात गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी खोलीत बसले होते, तर दारात कौसाबाई उभी. उंबऱ्यातल्या खिळ्यावरून पाय टाकून ती आत आली. पाटानंतर आम्ही दोघी एकमेकींशी धड बोललो नव्हतो. ती माझ्या शेजारी पोत्यावर बसली. झरोक्याचा उजेड तिच्या मांडीवर पडला होता.

"म्या तुला ओ दिली नव्हती," ती म्हणाली.

"मला ठाव हाय."

"मंग काहून सांगितलंस?"

मी पायाशी आलेलं हळकुंड उचलून नखानं खरवडू लागले. तिनं मानेमागची गाठ सोडली आणि टाक काढून माझ्यापुढं धरला. तो गळ्यातून कधीच काढायचा नसतो. आत्यानं बघितलं असतं तर घर डोक्यावर घेतलं असतं. "इथं तुझी माय हाय म्हणत्यात. मला तर काही ऐकू येत न्हाई. मी तिची कोण? तू इचार. माझ्या पोरीनं काय बिघडवलंय, इचार तिला. सोड म्हणावं." एवढी थोराड बाई, आणि माझ्यासारख्या पोरीपुढं ती हात पसरून बसली होती.

मी टाक घेतला. तो तिच्या अंगानं गरम झाला होता. मी तो कानाला लावला आणि डोळे मिटले. बाहेर कोंबड्या कलकलत होत्या, आत्या कुणाला तरी हाका मारत होती. टाकातून काही आलं नाही. राशीतूनही काही आलं नाही. सगळं इतकं मुकं होतं, की मला माझ्याच कानातलं रक्त ऐकू येत होतं.

"बोलली का?" कौसाबाईनं विचारलं.

"व्हय."

"काय म्हणली?"

"लेकरू ऱ्हाऊ दे म्हणली. तिला तुला मायच म्हणू दे म्हणली."

हे मी माझ्या मनानं बोलले, की कुणी माझ्या तोंडून वदवलं, ते आज या वयातही मला सांगता येत नाही. मायनं असं म्हटलं असतं का, याचीही मला खात्री नाही. ती कडक बाई होती आणि आपली वस्तू दुसऱ्याला देताना दहादा विचार करायची. पण कौसाबाईनं ते खरं धरलं. तिनं पदर तोंडात कोंबला आणि आवाज न करता इतकी रडली की पोतं हलत होतं. मग टाक माझ्या हातातून घेऊन पुन्हा गळ्यात बांधला आणि भाकऱ्या थापायला गेली.

चुलता गाडी घेऊन आला तेव्हा चंद्रीचा ताप उतरायला लागला होता, पण पुरता उतरला नव्हता. आत्या, आबा, मी, सगळे अंगणात होतो. कौसाबाई दारात आडवी उभी राहिली. "पोरगी इथंच ऱ्हाईल," ती म्हणाली, आणि माझ्याकडे बोट केलं. "हिच्या मायनं सांगितलंय." आत्यानं माझ्याकडे बघितलं. ती काही बोलली नाही. तिच्या आयुष्यात तेवढी एकच वेळ.

चंद्री आमच्याकडे वाढली, मोठी झाली, तिच्या मायला शेवटपर्यंत माय म्हणत राहिली. मी कौसाबाईला कौसाबाईच म्हणायची आणि तिनं कधी दुसरं मागितलं नाही. त्या खोलीत मी पुढं पुष्कळ दुपारी जाऊन बसले. हळद तशीच यायची, तशीच सुकायची, रास तशीच खचायची. पण आता ती नुसतीच खचायची. माय माझ्याशी पुन्हा कधी बोलली नाही. तिला जे बोलायचं राहिलं असेल, ते तिच्या वतीनं मीच बोलून टाकलं होतं.